सातवी पायरी

भाद्रपद तोंडावर आला की आमच्या माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली उतरते. झाकण उघडलं की आधी कापराचा वास येतो, मग जुन्या मखमलीचा आणि त्यामागून कुठूनतरी ओल्या लाकडाचा. त्या पेटीत गणपतीचं सगळं सामान असतं: समई, निरांजनं, मखराचे खांब, आरती पाठ नसलेल्यांसाठी आरतीची चोपडी. झाकणाच्या आतल्या बाजूला माझ्या अक्षरातली एक यादी चिकटवलेली आहे. नंबर घालून, कारण मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि नंबर नसलेल्या यादीवर माझा विश्वास नाही.

मीरा, कबीर, तुमच्या आईला ही यादी अजून पाठ असेल. तिला विचारा, अठरा नंबरला काय आहे. ती झोपेतही सांगेल: दोरी, वीस मीटर. आणि एकोणीस: तेलाचा रिकामा कॅन, पाच लिटरचा, झाकण घट्ट. दर वर्षी कुणीतरी ते वाचतं आणि हसतं. शेजारचे शिंदे मूळ साताऱ्याकडचे, मार्केटात नोकरी केलेले, मोठ्या आवाजाचे. ते दर वर्षी एकच विनोद करतात. "वहिनी, गणपती पोचवायचाय का विहीर उपसायचीय?" मी दर वर्षी हसते आणि दोरी पिशवीत भरते.

यादीतला अकरावा नंबर मात्र कुणी वाचत नाही, कारण तो वाचताच येत नाही. लाल पेन्सिलीनं मी तो इतका जोरात खोडला आहे, की कागद तिथे फाटलाय. ती यादी मी नव्या कागदावर कधी उतरवून काढली नाही, ती त्या फाटलेल्या ओळीमुळे.

त्या ओळीबद्दल मी आजवर कुणाला सांगितलं नाही. या वर्षी सांगायचं ठरवलं आहे, आणि त्याला कारण मीरा, तू आहेस.

महिन्यापूर्वी तुझा व्हिडिओ कॉल आला. केस ओले, गालावर ओरखडा, आणि डोळे असे चमकत होते की फोनचा उजेड वाढवल्यासारखं वाटलं. तुमच्या गावाजवळच्या तळ्यात तुझी मैत्रीण खोल पाण्यात गेली, तिला दम लागला, आणि तू काठावरून सरळ उडी मारलीस. तुम्ही दोघी बाहेर आलात. काठावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आजी, मी विचारच केला नाही. I just jumped!" तू म्हणालीस. मागे तुझी आई उभी होती. ती हसत नव्हती. मला ते दिसलं, तुला दिसलं नसेल.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "जेवलीस का?"

मग तुझा चेहरा उतरला, मी काहीतरी मोदकांबद्दल बोलले, आणि फोन ठेवला. संध्याकाळी तुझा मेसेज आला: आजी रागावली का? नाही गं. आजी घाबरली होती. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका भाद्रपदात जाऊन पोचली होती, आणि तिथून तिला लगेच परत येता येईना.

तो भाद्रपद मला वासांनी आठवतो. पाऊस उघडीप द्यायला लागला होता. आठवडाभर झोडपून मग एखादी दुपार अशी कोरडी, उकडणारी पडायची, की वारा फिरला की खाडीच्या चिखलाचा वास थेट आमच्या तिसऱ्या मजल्यावर यायचा. सानपाड्यात तेव्हा इतक्या इमारती नव्हत्या. गच्चीवरून कांदळवनाची हिरवी पट्टी दिसायची. स्टेशनबाहेर केवड्याची पानं, दूर्वांच्या जुड्या, तेरड्याचे गुलाबी ढीग घेऊन बायका बसायच्या. घरात तळणाचा, उदबत्तीचा, शाडूचा वास. आणि तुमचे आजोबा, सोवळं नेसून, चष्म्यावर कुंकवाचा ठिपका घेऊन फिरणारे.

आपला गणपती दीड दिवसाचा. विसर्जन जुन्या गावातल्या तलावावर. चारही बाजूंनी दगडी पायऱ्या, एका कोपऱ्यात पिंपळ, दुसऱ्या कोपऱ्यात देऊळ. तेव्हा आजच्यासारखी बॅरिकेडं नव्हती, तराफा नव्हता, नारिंगी जॅकेट घातलेली मुलं नव्हती. आता तुमच्या हातातून मूर्ती काठावरच घेतात आणि पाण्यात कुणाला उतरू देत नाहीत. ते बरंच आहे. पण तेव्हा घरचा पुरुष स्वतः मूर्ती घेऊन कमरेएवढ्या पाण्यात जायचा, तीनदा बुडवायचा, आणि मग पाट परत आणायचा.

पाटाबद्दल सांगायला हवं. ज्या पाटावरून गणपती जातो, तो पाट घरी परत येतो. रिकामा नाही, तलावाच्या तळाची चिमूटभर माती त्यावर ठेवून. ती माती घरभर शिंपडायची, मग पाटाची आरती करायची, म्हणजे देव गेला तरी घर ओकं वाटत नाही. आपला पाट माझ्या सासूबाईंचा. सागवानी, कडेला पितळी फुलं ठोकलेला. सासूबाई जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. हे सगळं तुमच्या आजोबांच्या डोक्यात होतं. माझ्या डोक्यात माझी यादी होती.

अकरावा नंबर होता: तलावाच्या पायऱ्या सात. पाणी कमरेपर्यंत.

ती नोंद माझी. सोसायटीत राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी मी काठावर उभं राहून पायऱ्या मोजल्या होत्या आणि घरी येऊन लिहिल्या होत्या. नंतर दर वर्षी निघण्याआधी मी आजोबांना वाचून दाखवायचे. "सात पायऱ्या. आठवी नाही. सातवीवर थांबायचं." त्यांना पोहता येत नव्हतं. ते निमूट मान डोलवायचे. लिहिलेल्या गोष्टीवर या घरात कुणी शंका घेत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता.

पण त्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढला होता. मशीन आलं, ट्रक भरभरून गाळ गेला, आणि गाळाबरोबर तळाच्या पायऱ्याही निखळल्या. सहाव्या पायरीनंतर सरळ खड्डा. गावातल्या लहान पोरालाही हे माहीत होतं. आम्ही सोसायटीतले. आम्हाला तलाव वर्षातून एकदा भेटायचा.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. ऊन तिरपं, पाण्याचा रंग दूध घातलेल्या चहासारखा, वर झेंडूच्या पाकळ्या. शेजारच्या पायऱ्यांवर गावातल्या एका घराची आरती चालू होती, ताशा वाजत होता. तुमची आई माझ्या शेजारी आरतीचं ताट धरून उभी होती. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती, मीरा. तुझ्याएवढीच, तशीच लांब वेणी. आजोबा पाट दोन्ही हातांनी धरून उतरायला लागले. मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं मोजत होते. "एक... दोन... तीन..." सहावीवर थांबले, तीनदा मूर्ती बुडवली, सोडली. आणि गढूळ पाण्यानं निसरडा झालेला पाट त्यांच्या हातून सुटला. तो दोन हात पुढे तरंगत गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि पाट धरायला पुढची पायरी उतरले.

सहा म्हणाले होते. सात म्हणाले नाहीत.

आता मी जे लिहिते आहे ते नीट वाचा, कबीर, तूसुद्धा. बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो, हात हलवतो. खरा माणूस तसं करत नाही. त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, तो ओरडणार कुठून? आजोबा पाण्यात उभेच्या उभे होते. मान मागे टाकलेली, तोंड पाण्याच्या रेषेवर, उघडतंय, मिटतंय. दोन्ही हात पाण्यावर दाबत होते, गादीवरची चादर सारखी करावी तसे. आवाज नाही. मला वाटलं, डुबकी मारताहेत. तुमची आई म्हणाली, "बाबा काय करतायत?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे यायला किती वेळ लागला, ते मी कधी मोजू शकले नाही.

मग मी उडी मारली. विचारच केला नाही. I just jumped.

मला पोहता येत होतं. म्हणजे एके काळी येत होतं. सांगलीला लहानपणी कृष्णेच्या घाटावर पाठीला भोपळा बांधून शिकले होते, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. अंगावर सहावार साडी, नाकावर चष्मा. चार हात मारले आणि त्यांच्यापाशी पोचले. मनात म्हणाले, पोचले, झालं. खरं तर तिथून सुरू झालं.

त्यांनी मला धरलं. मिठी मारली म्हणतात तसं नव्हे. शिडी धरावी तसं. माझ्या खांद्यावर हात, मग डोक्यावर हात, मग कोपर. ते माझ्यावर चढायला लागले. माझ्याशी कधी मोठ्या आवाजात न बोललेला माणूस माझं डोकं पाण्याखाली दाबत होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या डोळ्यांत मी नव्हते, फक्त वर जाणं होतं. साडी पायांना गुंडाळली गेली. तोंडात गढूळ पाणी, झेंडूची एक पाकळी. वरचा ताशा पाण्याखाली अगदी मंद, कुणीतरी दूरवर दार ठोठावत असल्यासारखा.

आणि मी त्यांना गुडघा मारला. जोरात, बरगडीत. पकड सैल झाली. मी त्यांचे हात झिडकारून मागे सरकले.

तो गुडघा आपोआप मारला गेला, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. उडी मारताना मी विचार केला नव्हता, पण तेव्हा केला. अगदी स्पष्ट, एका ओळीचा विचार होता: प्राजक्ता काठावर एकटी आहे. मी तुमच्या आईची निवड केली आणि तुमच्या आजोबांना पाण्यात सोडलं. ही ती गोष्ट, जी मी या घरातल्या कुणाला कधी सांगितली नाही.

मी वर आले तेव्हा माझ्या खांद्यावर काठीचा सणसणीत फटका बसला. "बांबू धर! ए बाय, बांबू धर!"

काठावर हिराबाय होती. जुन्या गावातली. साठीची, काळीसावळी, काष्टा घातलेली, बोलताना 'ड'चा 'र' करणारी. आठवड्यातून दोनदा आमच्या सोसायटीत टोपली घेऊन यायची, खाडीची कोलंबी, चिंबोऱ्या विकायला. तिच्या मुलांच्या दोन चाळी भाड्यानं होत्या, तिला विकायची गरज नव्हती. घरी बसवत नाही म्हणून यायची. त्या दिवशी ती तिच्या घरच्या गणपतीबरोबर आली होती. आता ती सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर पालथी पडली होती, तिच्या दोन सुना तिच्या पायांवर बसल्या होत्या, आणि तिच्या हातात निर्माल्य बाजूला सारायचा लांब बांबू होता. मी बांबू धरला.

"पान्यान कोनी नाय उतरायचं! कोनी नाय!" ती मान न वळवता मागच्या गर्दीवर ओरडत होती. नंतर कळलं, की तुमची आई ताट टाकून पाण्याकडे धावली होती. हिराबायनं पालथं पडायच्या आधी पहिलं काम केलं ते म्हणजे तिची वेणी धरून तिला मागे खेचलं आणि एका बाईच्या अंगावर ढकललं. "धर हिला. बस हिच्यावर." पहिले आजोबा, मग त्यांच्यामागे मी, आणि माझ्यामागे तुमची आई. आमची रांग हिराबायपाशी तुटली.

सुनांनी मला ओढून पायरीवर घेतलं. मी वळले तर पाणी सपाट. फक्त पाट तरंगत होता. मग त्याच्यापलीकडे हाताची बोटं दिसली, मग कपाळ. हिराबायनं बांबूच्या टोकानं पाट ढकलला, कॅरमची सोंगटी ढकलावी इतक्या बेतानं, आणि तो जाऊन त्यांच्या हाताला लागला.

"पाट धर, दादा! छातीशी धर! लाकूर बुरत नाय!"

त्यांनी धरला. त्या पाटानं त्यांना उचललं असं नाही, एवढं मोठं लाकूड नव्हतं ते. पण त्यांचं तोंड पाण्याच्या चार बोटं वर राहिलं, आणि चार बोटं पुरतात. मग बांबू त्यांच्या काखेत गेला, त्यांनी तो दुसऱ्या हातानं पकडला, आणि ती सगळी माळ पायरीला लागली.

बाहेर काढल्यावर शिंदे धावत आले. "उलटं करा त्यास्नी! आमच्याकडं पाय धरून उलटं टांगत्यात, पानी पडतंय सगळं."

"कोनाला टांगतंस?" हिराबाय म्हणाली. "खोकतो हाय तो. जित्ता हाय. तुला टांगू काय?" तिनं त्यांना कुशीवर वळवलं, तोंडातला पाला बोटानं काढला, अंगावर कोरडं लुगडं टाकलं. रिक्षानं दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. पाणी छातीत गेलेला माणूस आधी बरा वाटतो आणि काही तासांनी त्याला धाप लागू शकते, असं ते म्हणाले. मी ते लिहून घेतलं.

घरी आल्यावर पेटीचं झाकण उघडलं आणि अकरावा नंबर खोडला.

आठवड्यानं हिराबाय आमच्या दारात आली. टोपली नव्हती. हातात आमचा पाट, धुऊन पुसून, आणि त्यावर कागदाच्या पुडीत तलावाची माती. "देवाचा पाट रिकामा नाय आनत," एवढंच म्हणाली. आजोबा आतल्या खोलीत झोपले होते. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला, आणि तिच्याकडे पाठ करून, चहाकडे बघत, सांगून टाकलं. "हिराबाय, मी त्यांना गुडघा मारला. सोडून दिलं मी त्यांना."

वळून बघते तर ती हसत होती. तंबाखूनं काळे झालेले दात दाखवून, आवाज न करता.

"मग काय, फुलां व्हायाची व्हती?"

मला रडू फुटलं. तिनं रडू दिलं. मग चहा बशीत ओतत म्हणाली, "ऐक, टीचर. तू मारलंस म्हनून दोघां वाचलाव. बुरनारा मानूस मानूस नस्तो, तो खाली बघत नाय. त्यानं धरला, का आपुन खाली जायाचा, खाली. त्याला वरती जायाचा अस्तो, तो सोरतो. पन ती येलच आनायची नाय. जावाचाच नाय त्याच्या हातान. काठी द्यायची, दोर द्यायचा, आपला हात नाय द्यायचा." मग माझ्याकडे तिरकं बघून, "लिव. लिव ना. तुला लिवल्याशिवाय समाजत नाय."

मी लिहिलं. टेबलावर दुधाच्या हिशेबाची वही होती, तिच्या पाठीवर.

ती खाडीच्या बायकांत वाढली होती. ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या पकडायच्या, पाणी चढायच्या आत परतायचं. एकटी कुणी जायची नाही. परत येताना काठावर डोकी मोजायची, आणि एक कमी भरलं तर कुणीही मागे धावायचं नाही. आधी हाक, मग दोर. "धावली ती बी गेली," असं ती म्हणाली, आणि कोण गेली ते मी विचारलं नाही. तिच्या आवाजावरून ते नाव जवळचं होतं.

तेलाचा कॅन तिचीच युक्ती. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन माणसाला तारून धरतो. पण तो अगदी रिकामा ठेवायचा नाही, वाऱ्यानं भरकटतो; आत ओंजळभर पाणी ठेवायचं म्हणजे फेक सरळ जाते. दोरीचं एक टोक कॅनच्या कानाला, दुसरं आपल्या पायाखाली दाबून. आणि फेकायचा तो माणसावर नाही, त्याच्या पलीकडे. म्हणजे दोरी त्याच्या खांद्यावर पडते आणि ओढताना कॅन आपणहून त्याच्या हाताशी येतो. ओढताना आपण बसायचं किंवा आडवं व्हायचं. उभं राहायचं नाही. हे सगळं तिनं मला सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, पदर खोचून, हसत हसत शिकवलं. माझी पहिली फेक वॉचमनच्या केबिनवर गेली होती.

पुढे मी प्रथमोपचाराचा वर्गही केला. श्वास थांबलेल्या माणसाच्या तोंडात श्वास कसा भरायचा, छाती कशी दाबायची, ते बाहुलीवर घामाघूम होईपर्यंत केलं. मीरा, तुला ते शाळेत शिकवलं आहे म्हणतेस. मग सराव ठेव. हात विसरतात. माझे पोहणारे हात तीस वर्षांत किती विसरले होते, ते वर लिहिलंच आहे.

हिराबाय आता नाही. चार वर्षं झाली. तिच्या नातसुनेकडून कोलंबी आम्ही आजही घेतो, आणि ती दार वाजवते तेव्हा माझे कान त्या जुन्या हाकेकडे लागतात.

तर हे सगळं लिहिलं, आणि काल सकाळी तुमच्या आजोबांना वाचून दाखवलं. गुडघ्याचा परिच्छेद गाळावा असं मनात आलं होतं. गाळला नाही. मी वाचत असताना ते पेपरच्या आड होते.

"डावा," ते म्हणाले.

"काय डावा?"

"गुडघा. डावा होता. महिनाभर कुशीवर झोपता येत नव्हतं मला." पेपर खाली आला. "डॉक्टर म्हणाले, बरगडीला मुका मार आहे, कशाने लागलं? मी म्हटलं, पायरी लागली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शालिनी, मी बुडत होतो, बेशुद्ध नव्हतो." त्यांनी चष्मा काढून पुसला, सोवळं नसतानाही त्यावर कुंकू असल्यासारखा. "मी तुझं डोकं दाबत होतो, ते मला आठवतं. तू गुडघ्याचं बोलली नाहीस, मग मी तरी डोक्याचं कुठल्या तोंडानं बोलू?"

पंचवीस वर्षं आम्ही एकाच घरात, एकाच तलावाच्या दोन काठांवर उभे होतो. दोघांनाही वाटत होतं, पलीकडच्याला ठाऊक नाही.

दर वर्षी पेटी उतरवली की मी खाली सोसायटीच्या मोकळ्या फरशीवर जाऊन कॅन फेकायचा सराव करते. एक प्लास्टिकची खुर्ची पंधरा पावलांवर ठेवायची आणि तिला माणूस समजायचं. आजोबा कधी येत नाहीत. त्या वेळी त्यांना हटकून शब्दकोडं सुटत नसतं. काल मात्र ते माझ्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरले. खुर्ची त्यांनीच उचलली, पंधरा पावलं मोजत गेले, तसंच मोठ्यानं, पण यावेळी पंधरापर्यंत पूर्ण, आणि खुर्चीत स्वतः बसले.

"वाचवा," ते म्हणाले, स्टेशनवरच्या सूचनेच्या आवाजात.

"बुडणारा माणूस ओरडत नाही," मी म्हणाले.

"बरं." ते गप्प बसले.

पहिली फेक तोकडी पडली. गॅलरीतून शिंदे ओरडले, "वहिनी, वाचतोय का आमचा माणूस?" दुसरी फेक त्यांच्या उजवीकडे लांब गेली. वय झालंय माझं, खांदा कुरकुरतो. मी दोरी गोळा केली, तिची वेटोळी नीट घातली, टोक पायाखाली दाबलं, आणि कॅन मागून पुढे झुलवून सोडला. तो त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेला आणि दोरी त्यांच्या खांद्यावर उतरली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. मी खाली बसले आणि ओढायला लागले. खुर्चीचे पाय फरशीवर करकरत आले, आणि त्यांनी दोरी सोडली नाही. माझ्यापर्यंत पोचल्यावरही थोडा वेळ सोडली नाही.

मीरा, तू उडी मारलीस ती मनापासून मारलीस, हे मला कळतं. मीही मारली होती. पण तुझ्यामागे कबीर काठावर होता का? तुझी आई त्या दिवशी फोनमध्ये का हसत नव्हती, ते आता तिला विचार. तिच्या वेणीला कुणी हात घातला होता, तेही विचार.

आणि मग उठून त्या तळ्यावर जा, पाण्यात नाही, काठावर. नीट बघ. बुडणाऱ्याला देता येईल अशी लांब फांदी कुठे आहे, वल्हं कुठे असतं, फेकण्यासारखा चेंडू, कॅन, दोरी, बर्फाच्या पेटीचं झाकण, काय काय हाताशी आहे, हाक मारली तर सगळ्यात जवळ कोण ऐकेल, पाणी कुठे एकदम खोल होतं. मागच्या वर्षीचं नको, आजचं लिही. यादी करून मला पाठव. नंबर घालून.

यादी आली, की मी तुला फोन करेन. आणि या वेळी जेवलीस का, असं विचारणार नाही.